छापील कोडाची मालकी

एखाद्या कारखान्याच्या, रुग्णालयाच्या अथवा विमा कंपनीच्या सेवकवर्गासाठी क्यूआर कोड असलेली डिजिटल व्हिजिटिंग कार्डे तयार करून देणे, हे जाहिरात एजन्सींच्या नित्याच्या कामांपैकी एक होऊन बसले आहे. परंतु ती कोणत्या प्लॅटफॉर्मवर उभी करावयाची याचा निर्णय बहुधा रंगसंगती आणि मासिक वर्गणी एवढ्यावरच होतो, ही गोष्ट मला चिंतेची वाटते.

वर्गणी मुळात कशाची द्यावयाची, हे प्रथम पाहावे. जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद राहावी म्हणून क्यूआर कोड सिद्ध केला, आणि पेटंट असूनही कंपनीने त्याच्या सर्वसाधारण वापरावर हक्क बजावला नाही. त्यामुळे कोड कोणालाही विनामूल्य काढता येतो. स्थिर कोडात नाव, हुद्दा व दूरध्वनी प्रत्यक्ष कोरलेले असल्याने तो कोणावरही अवलंबून नसतो. मात्र मजकूर वाढेल तसतशी त्याची जाळी दाट होत जाते आणि छापल्यावर त्यात एक अक्षरही बदलत नाही. डायनॅमिक कोडात केवळ एक आखूड वेबपत्ता असतो, आणि टपालखात्याला स्थलांतराची वर्दी दिल्यावर पत्रे नव्या घरी पोहोचावीत, त्याप्रमाणे प्लॅटफॉर्मचा सर्व्हर वाचकाला पुढे पाठवतो. वर्गणी असते ती या सोयीची, आणि ही सोय मोठी खरी. पण वर्गणीची मुदत टळली किंवा प्लॅटफॉर्मच बंद पडला, की छापलेली हजारो कार्डे आणि दारावरच्या पाट्या एका दिवसात निरुपयोगी ठरू शकतात. गूगलसारख्या बलाढ्य कंपनीनेही आपल्या आखूड पत्त्यांच्या सेवेत नवे पत्ते देणे २०१९ मध्ये थांबवले, हे विसरू नये.

म्हणून माझ्या मते पहिली आणि अनिवार्य अट ही की, कोडातील पत्ता ग्राहकाच्या स्वतःच्या डोमेनवर असावा आणि कोणता पत्ता कोठे जातो याची संपूर्ण यादी केव्हाही उतरवून घेता यावी; मग प्लॅटफॉर्म बदलला तरी कागद बदलावा लागत नाही. त्याखालोखाल, प्रत्येक ग्राहकाचे दफ्तर स्वतंत्र असावे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे कार्ड ग्राहकाच्याच कारकुनाला रद्द करता यावे, आणि एजन्सीशी करार संपल्यास सारे खाते विनातक्रार ग्राहकाच्या ताब्यात जावे. कार्ड पाहणाऱ्याकडून नाव व मोबाइल क्रमांक भरून घेण्याची तजवीज असेल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ध्यानात घ्यावा लागतो: काम प्लॅटफॉर्मकडे सोपवले तरी ज्याच्या हेतूसाठी माहिती गोळा होते, त्याचे उत्तरदायित्व त्याच्याकडेच राहते.

छपाईची बाब त्या मानाने सोपी आहे. कोडाभोवती त्यातील चार लहान चौकोनांइतकी कोरी जागा सोडावी. मध्यभागी बोधचिन्ह घालावयाचे असल्यास दोषनिवारणाची (काही भाग झाकला गेला तरी कोड वाचला जाण्याची) सर्वोच्च, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांची पातळी घ्यावी, आणि ती निवडण्याची मुभा प्लॅटफॉर्मने दिलेली असावी.

करारनाम्यावर सही करण्यापूर्वी एजन्सीने ग्राहकाच्या डोमेनवर एक चाचणी-कार्ड तयार करावे, त्याचा तपशील उतरवून घ्यावा, खाते बंद करावे आणि डोमेन अन्यत्र वळवून तोच छापील कोड उघडतो की नाही हे पाहावे. जो प्लॅटफॉर्म या परीक्षेत उत्तीर्ण होत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.