उभ्या इमारतीचे दप्तर

वसतिगृहाच्या भिंतीत नळाची नवी जोडणी द्यायची म्हटली, की पहिला प्रश्न उभा राहतो : आतून विजेची तार कोठून गेली आहे? उत्तर कागदावर नसते, ते जुन्या मिस्त्रींच्या आठवणीत असते. आधी चार खोल्या, मग वर स्लॅब, नंतर मागे स्वयंपाकघर. केळापूर तालुक्यातील अनेक शाळा अशाच टप्प्याटप्प्याने वाढल्या. अशा वास्तूंसाठी ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ अर्थात बीआयएम ही पद्धत समजून घेण्याजोगी आहे.

नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. बीआयएमच्या संगणकीय प्रतिकृतीत मात्र भिंतीला स्वतःची नोंद असते : जाडी किती, वीट की दगड, बांधली केव्हा, ओल प्रथम कधी दिसली. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली या कल्पनेची मांडणी केली. आपल्याकडे नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने लांबी, रुंदी, उंची यांना वेळ आणि खर्च जोडून ती वापरली. तेथे प्रतिकृती आधी, बांधकाम नंतर. उभ्या इमारतीत हा क्रम उलटा होतो. लेसर यंत्र खोलीत ठेवून चहूबाजूंना प्रकाशकिरण सोडतात. परतलेल्या किरणांवरून अंतरे मोजली जातात आणि लक्षावधी बिंदूंचा जणू एक ढग तयार होतो. त्या बिंदूंवरून माणूस भिंती, तुळया, दारे पुन्हा ‘रचतो’.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे असे मोजमाप कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० साली केले होते. १५ एप्रिल २०१९ रोजी छप्पर जळाले, तेव्हा टॅलन हयात नव्हते. पण त्यांचे बिंदू पुनर्बांधणीच्या उपयोगी पडले. अजिंठ्याची कथा नेमकी उलट आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून परिश्रमपूर्वक केलेल्या चित्रप्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या अनेक प्रतींचीही १८८५ साली तीच गत झाली. लेणी मात्र राहिली. दप्तर एकाच जागी ठेवू नये, हे त्यावरून उमगते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या पद्धतीतील एक धोका विशेष जाणवतो. लेसरला पृष्ठभाग दिसतो, गिलाव्याआडचे दिसत नाही. स्लॅबमध्ये सळई किती जाडीची, पाया किती खोल, हे पडद्यावरील देखण्या प्रतिकृतीत कोणी अंदाजाने भरले, तर पुढचा माणूस त्यालाच पुरावा समजेल. म्हणून प्रत्येक घटकापुढे ‘मोजलेले’, ‘कागदावरून घेतलेले’ की ‘अनुमानित’ हे लिहिलेच पाहिजे. ज्या स्लॅबखाली मुले निजतात, त्याच्याबाबतीत तर अनुमानावर थांबताच येत नाही. सळई शोधणारे यंत्र, हातोडा-चाचणी आणि अभियंत्याचा डोळा यांना पर्याय नाही.

आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतींना तडे जातात. तडा जुना आहे की वाढता, हे एका भेटीत कळत नाही. तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी, पावसाळ्यापूर्वी व नंतर पुन्हा पाहावे. अशी तारीखवार नोंद प्रतिकृतीतील त्याच भिंतीला जोडता येते.

लेसर यंत्र भाड्याने आणणेही लहान संस्थेला जड जाते. टेप, वही आणि मोबाईल मात्र आपल्यापाशी आहेत. येत्या दुरुस्तीत गिलावा फोडला जाईल, तेव्हा तो पुन्हा बुजवण्यापूर्वी तार व नळ यांच्याशेजारी टेप धरून छायाचित्र घ्यावे, खोलीचा क्रमांक टाकावा आणि एक प्रत शाळेबाहेर ठेवावी.