मृत्युपत्रातील ‘धर्म’

आपल्या पश्चात मिळकतीतून ‘धर्म करावा’ एवढेच लिहून ठेवणाऱ्या गृहस्थाची इच्छा काय, हे जळगाव-धुळ्याकडील खेड्यात कोणास समजावून सांगावे लागत नाही. पाणपोई, अन्नदान, धर्मशाळा, गरीब विद्यार्थ्यास साहाय्य हे सारे त्या एका शब्दात सामावते. कायद्यास मात्र हा शब्द दीर्घकाळ मानवला नाही. रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईकडील दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली ‘धर्मा’साठी ठेवलेले दान शून्य ठरविले. आधार घेतला तो विल्सनच्या कोशाचा : ‘धर्म’ म्हणजे कायदा, सद्गुण, नैतिक कर्तव्य. इतक्या व्यापक हेतूवर न्यायालयास नियंत्रण ठेवता येणार नाही, असा निष्कर्ष निघाला आणि दानाची मिळकत वारसांकडे वळली.

येथे कोशाचा दोष नाही. कोशकार शब्दाच्या सर्व छटा नोंदवितो. त्यांपैकी कोणती अभिप्रेत आहे हे वाक्य ठरविते. ‘धर्म पाळणे’ आणि ‘धर्म करणे’ हे भिन्न प्रयोग होत. दुसऱ्यात अर्थ दानापुरता संकोचतो, हे दारी येणारा भिक्षेकरीही जाणतो. न्यायासनापुढे मात्र सुटा शब्द होता.

मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (आता त्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आहे) याच्या कलम १० ने ही अडचण दूर केली. धर्म, धर्मादा, पुण्यकार्य वा पुण्यदान यांसाठी केलेला सार्वजनिक न्यास केवळ हेतू अनिश्चित म्हणून शून्य होत नाही. कलम ५४ तर पेठेतल्या रूढीपर्यंत पोचते : व्यापारी व्यवहारात धर्मादा म्हणून जी रक्कम आकारतो, तिचा तो मालक नव्हे, विश्वस्त ठरतो.

ही सवलत कौटुंबिक न्यासास नाही. अपंग मुलाच्या पोषणासाठी शेत वा घर विश्वस्तांच्या हाती द्यावयाचे, तर १८८२ चा अधिनियम लागू होतो. तेथे लाभार्थी निश्चित हवा, स्थावरासाठी नोंदणीकृत लेख वा मृत्युपत्र हवे. आणि अशी मिळकत पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवता येत नाही. सार्वजनिक न्यास निरंतर चालू शकतो.

हेतू स्पष्ट असला म्हणजे काय साधते, याचे उदाहरण अमळनेरास आहे. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली स्थापिलेल्या संस्थेचे नावच तत्त्वज्ञान मंदिर. धुळ्यास ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे निवर्तले, पुढील महिन्यातच त्यांच्या चाहत्यांनी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापिले. दोहोंच्या नावांतच कार्य सांगितले आहे.

मूळ हेतू कालांतराने अशक्य झाल्यास न्यायालय त्याच्या निकटचा हेतू ठरवू शकते. त्या वेळी मोजमापास दात्याचे शब्दच हाती असतात. म्हणून ‘धर्म करावा’ या वाक्यापुढे गाव, कार्य आणि लाभ घेणारे यांची एक ओळ जोडणे इष्ट.