लाटांनी घासलेली काच

माझी खाला रत्नागिरीला राहते. त्यामुळे मे महिन्यात आमची तिकडे एक फेरी ठरलेलीच. पलूसहून कोल्हापूर, पुढे आंबा घाट उतरला की हवा बदलते आणि मुले खिडकीला चिकटतात. आम्ही कृष्णाकाठची माणसे. ऊस, द्राक्षबागा, काळी माती आणि नदी एवढे आमचे जग. समुद्र वर्षातून एकदाच बघायला मिळतो.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत खालाच्या नातीने माझ्या हातावर फिकट हिरवा खडा ठेवला. तुरटीसारखा दुधाळ, कुठेही धार नाही. मी विचारले, "कसला दगड गं हा?" ती हसून म्हणाली, "दगड नाही आपा, बाटली आहे. समुद्राने घासली."

त्या दिवसापासून मला हा नाद लागला. घरात आधी थट्टा झाली. "शाळेत शिकवते आणि सुट्टीत काचा वेचते," असे आमच्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या. आज त्याच सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला बरणी काढून दाखवतात.

समुद्र काय करतो?

काच म्हणजे मुळात वाळू, सोडा आणि चुनखडी यांचे वितळलेले मिश्रण. फुटलेला तुकडा समुद्रात पडला की लाटा त्याला वाळूवर आणि गोट्यांवर लोळवत राहतात. धार जाते, कोपरे गोल होतात. त्याच वेळी पाण्याने काचेतला सोडा आणि चुना पृष्ठभागावरून हळूहळू निघून जातो. म्हणून त्यावर ती दुधाळ झाक येते. हे काम दोन-चार महिन्यांचे नाही, त्याला अनेक दशके लागतात. आपल्या हातात आलेला तुकडा आपल्या अम्मीच्या लहानपणीच्या बाटलीचाही असू शकतो.

रंगावरून मूळ वस्तूचा अंदाज करता येतो. पांढरा, हिरवा आणि तपकिरी हे रंग नेहमीचे, कारण बहुतेक बाटल्या त्याच रंगांच्या. जाड, निळसर हिरवा तुकडा मिळाला की मला गोटी सोड्याची बाटली आठवते. ही बाटली इंग्लंडमध्ये हायरम कॉड यांनी १८७२ च्या सुमारास तयार केली आणि आपल्याकडच्या जत्रांत ती अजून दिसते. गडद निळा तुकडा बहुधा जुन्या औषधाच्या बाटलीचा. त्या काचेत कोबाल्ट घातलेला असतो. लाल आणि नारिंगी फार दुर्मिळ. सहा वर्षांत मला लाल रंगाचा एकच तुकडा मिळाला, तोही हरभऱ्याएवढा.

जगात काही किनारे यासाठीच प्रसिद्ध आहेत. इंग्लंडमधल्या सीहॅम गावी १८५३ ते १९२१ पर्यंत बाटल्यांचा मोठा कारखाना होता. त्याची टाकाऊ काच समुद्रात जायची. आज शंभर वर्षांनंतर लोक तिथे एकाच खड्यात दोन-तीन रंग शोधत फिरतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅग शहराने १९०६ पासून १९६७ पर्यंत आपला कचरा समुद्रकाठी टाकला. कचरा गेला, काच उरली. तिथला किनारा आता राखीव उद्यानात आहे आणि काच उचलायला मनाई आहे. माणसाने केलेल्या घाणीला आता पहारा बसला आहे!

आपली काच

काचेशी आपल्या भागाचे नाते जुने आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा बहमनी काळातल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे सापडले. पुढे स्वदेशीच्या काळात, १९०८ साली, तळेगावला लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. आमच्या शेजारी, कराड रेल्वे स्टेशनजवळ, ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला आणि त्या जागेचे नावच ओगलेवाडी पडले. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. आमचे दादा त्याच कंदिलाच्या उजेडात कुरआन पढायला शिकले. कंदिलाची काच राखेने पुसणे हे संध्याकाळचे पहिले काम असायचे, असे ते सांगत.

आणि बांगड्या तर आपल्या मणेर बांधवांचा पिढीजात धंदा. आठवडा बाजारात मणेरचाचा बसले की मराठा, धनगर, जैन, मुसलमान सगळ्यांच्या लेकी-सुना त्यांच्यापुढे हात धरायच्या.

वेचताना

काच ओहोटीला वेचावी. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते तशी ओहोटीही मोठी असते. आपल्या घरात हिजरी कॅलेंडर असतेच. चांद दिसल्यानंतरचे पहिले दोन दिवस आणि पंधरावा-सोळावा दिवस लक्षात ठेवावा. त्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर साधारण पहाटे आणि संध्याकाळी पाणी दूर जाते. फजरची नमाज पढून निघाले की वेळ अगदी जुळते. पावसाळ्यात मात्र समुद्राच्या जवळही जाऊ नये.

नुसत्या वाळूच्या किनाऱ्यावर फारसे काही मिळत नाही. रत्नागिरीत मांडवीची काळी वाळू आणि पलीकडचा पांढरा समुद्र दोन्ही बघण्यासारखे आहेत, पण माझी बरणी भरली ती खाडीच्या मुखाशी, गोट्यांच्या किनाऱ्यावर. पायात जाड चप्पल हवी. धार असलेला तुकडा परत समुद्रात टाकू नये; वेगळ्या डब्यात घेऊन कचऱ्यात द्यावा. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग असल्याचे हदीसमध्ये आले आहे. किनारा हाही कुणाच्या तरी मुलांचा रस्ताच असतो.

प्रवाळ मात्र उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. काही शंख-शिंपल्यांनाही आहे.

मी आमच्या कृष्णेकाठीही शोधून पाहिले. तुकडे मिळाले, पण गाळातून आलेले आणि धारदार. नदीने त्यांना समुद्राएवढे घासलेले नव्हते.

दागिना कसा करायचा?

तुकडे साध्या पाण्यात रात्रभर ठेवून जुन्या टूथब्रशने घासावेत. तेल लावून चकाकी आणू नये, त्याची खरी शोभा त्या दुधाळपणातच आहे. भोक पाडण्यापेक्षा तारेने बांधणे सोपे आणि सुरक्षित. भोक पाडायचेच असेल तर हिऱ्याची कणी बसवलेले बारीक ड्रिल लागते आणि काच पाण्यात बुडवून, अगदी सावकाश पाडावे लागते. कोरड्या काचेची भुकटी छातीत गेली तर फुप्फुसांना अपाय होतो. मुलांच्या हाती हे काम मुळीच देऊ नये.

सरावासाठी मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली. जाड तारेची चौकट आणि बारीक तारेचे वेढे, एवढ्यावर लोलक तयार होतो. एक नोज पक्कड, एक तार कापायची पक्कड, बस. हात बसल्यावर हुपरीची चांदीची तार घेतली. कानातल्याचा हूक चांदीचा किंवा चांगल्या स्टीलचा असावा, नाहीतर कान पिकतात. जोडीसाठी सारख्या रंगाचे, सारख्या वजनाचे दोन तुकडे शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

शेजारची भाभी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती सांगते.

आमच्या गल्लीत एक मणेर कुटुंब आहे. तीन वर्षांपूर्वी त्या घरचा कर्ता मुलगा गेला. मय्यत घरात असतानाच बायकांनी त्याच्या बीवीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फोडल्या. मी तिथे होते आणि गप्प बसले, याची मला आजही शरम वाटते. ज्या घराने सगळ्या गावाचे हात भरले त्या घरच्या सुनेचे हात रिकामे झाले.

इद्दतचे चार महिने दहा दिवस संपले. कुरआनने सूरह बकरामध्ये ही मुदत ठरवून दिली आहे (बाई गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत). त्या काळात साजशृंगार करायचा नाही. पण मुदत संपल्यावर बंदी उरत नाही. तरीही भाभीच्या हातात, कानात काहीच दिसेना. विचारले तर म्हणाली, "आपा, लोक काय म्हणतील?"

लोकांचे म्हणाल तर, इथून जवळच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद. लगेच शासनानेही इतर गावांना त्याचे अनुकरण करायला सांगितले. आमच्या हिंदू भगिनींना त्यासाठी ठराव करावा लागला. आपल्याला तर चौदाशे वर्षांपूर्वीच स्पष्ट हुकूम मिळाला आहे. मग बांगडी फोडण्याची रीत आपल्या घरात आली कुठून, याचा विचार आपणच करायला हवा.

भाभीला दोन मुले. कमाई पाहिजे होती. मी तिला माझी बरणी आणि पक्कड दिली. मणेरांच्या घरातला हात तो! माझे महिन्याचे काम तिने आठ दिवसांत शिकून घेतले. पुढच्या मेमध्ये ती मुलांना घेऊन आमच्याबरोबर रत्नागिरीला आली. रमजानच्या आधी तिने पन्नासेक जोड तयार केले, २५० रुपये जोडी, आणि आमच्या शाळेतल्या बाईंनीच निम्मे घेतले.

मोठी ऑर्डर

मग परगावच्या एका दुकानदाराने एकदम २०० जोड मागितले. भाभीकडे काच होती साठ जोडांपुरती. त्यानेच उपाय सुचवला. बाटल्या फोडा, पिंपात वाळू-पाणी घालून आठवडाभर फिरवा, झाला 'समुद्राचा' माल. कुणाला कळणार आहे?

खरे सांगायचे तर बहुतेकांना कळणार नव्हते. समुद्रातल्या काचेवर भिंगातून पाहिले तर बारीक, अर्धचंद्रासारखे खड्डे दिसतात आणि झाक कमी-जास्त असते. पिंपातली काच सगळीकडून एकसारखी गुळगुळीत. पण भिंग घेऊन कानातले कोण घेते? मुलांच्या फीची तारीख जवळ आली होती. भाभी दोन दिवस माझ्याकडे आली नाही. मीही तिला काही सांगायला गेले नाही, कारण माझा पगार दरमहा होतो आणि तिचा होत नाही.

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. मदरशात ऐकलेली एक हदीस तिला आठवली होती. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात, आतले धान्य ओले निघते. व्यापारी म्हणतो, पावसाने भिजले. तेव्हा ते सांगतात की मग ओले धान्य वर ठेव, लोकांना दिसू दे. आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असेही बजावतात. भाभी म्हणाली, "आपा, बाटलीची काच विकायला मना नाही. फक्त ती वर ठेवायची."

ऑर्डर गेली. फीसाठी तिने मुदत मागून घेतली. पण तिने दोन ट्रे केले. एकावर पाटी 'समुद्रातली काच', दुसऱ्यावर 'घरी घासलेली बाटलीची काच, १०० रुपये'. नंतर तिसरा ट्रेही आला. सासऱ्यांच्या जुन्या पेटीत वाहतुकीत फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे पडून होते, लाल, जांभळे, सोनेरी वर्खाचे. ते पाण्याच्या दगडावर घासून, तारेत बांधून तिने लोलक केले. आश्चर्य म्हणजे बायका सगळ्यात जास्त तेच मागतात. समुद्रात जो लाल रंग मला सहा वर्षांत एकदा मिळाला, तो तिच्या घरात पेटीभर होता.

गेल्या ईदच्या आधी तिने बाजारात छोटे टेबल मांडले. गिऱ्हाईक म्हणायचे, "कानात कसे दिसतात ते दाखव ना." दाखवायला म्हणून तिने एक जोड घातला. टेबलाच्या बाजूला तिची सासू बसली होती. ती बघत राहिली, बोलली काही नाही. संध्याकाळी टेबल आवरले तरी भाभीने तो जोड काढला नाही. घरी जाताना तिची सासूच म्हणाली, "निळा जोड तुला जास्त चांगला दिसेल."

बहिणींनो, या सुट्टीत समुद्राकडे गेलात तर एक पिशवी जरूर न्या. आणि गेला नाहीत तर शेजारच्या घरात एकदा डोकावून या. इद्दत संपूनही एखादी बहीण रिकाम्या हाताने बसली असेल, तर तिच्यासाठी डझनभर बांगड्या घेऊन जा आणि त्या स्वतः तिच्या हातात भरा.