कोरफड, कांटेकुंवार व काळाबोळ

जुन्या औषधी बाडांत अगर मालाच्या यादींत ‘बोळ’ हा शब्द आला म्हणजे त्याचा अर्थ चटकन् लावून पुढें जाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. हिराबोळ अथवा बाळंतबोळ हा एका कांटेरी झुडुपाचा डिंक होय. काळाबोळ ऊर्फ एळिया हा कोरफडीचा कडू रस आटवून केलेला पदार्थ होय. पहिला बाळंतिणीस देण्याचा प्रघात आहे. दुसरा तीव्र रेचक असून गर्भिणीस वर्ज्य आहे. अशा ठिकाणीं वाचन चुकलें तर इतिहासाबरोबर आरोग्याचीहि हानि व्हावयाची. म्हणून कोरफडीच्या नांवांचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम वस्तु पाहूं. कोरफडीचें मांसल पान कापलें असतां सालीलगत पिवळा, कडू चीक स्रवतो; आंतील गर मात्र स्वच्छ व बुळबुळीत असतो. गर भाजलेल्या जागीं लावतात. काळाबोळ होतो तो चिकाचा. एकाच पानांत अशीं दोन भिन्न द्रव्यें आहेत, हें विसरतां कामा नये.

ही वनस्पति आपल्या वैद्यकांत अगदीं आरंभापासून आहे, अशी समजूत आढळते. परंतु चरक व सुश्रुत यांच्या संहितांत निःसंशय कोरफडच म्हणतां येईल असा उल्लेख नाहीं, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील मानिल्या जाणाऱ्या शार्ङ्गधरसंहितेंत कुमार्यासवाचा पाठ आहे. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत कुमारी, गृहकन्या, घृतकुमारिका हीं नांवें आहेत. रसशास्त्रांतहि भस्मांस कुमारीरसाच्या भावना देतात.

वनस्पतीचें मूळ स्थान शोधूं गेल्यास दृष्टि अरबस्तानाकडे वळते. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत तिचे निकटचे आप्त त्याच द्वीपकल्पांतील ठरले. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत दक्षिण अरबस्तानांतील काने बंदरांतून ऊद व एळिया बाहेर जात असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथांत सोपारा व कल्याण यांचींहि नांवें आहेत. परंतु तेवढ्यावरून कोरफड तेव्हांच आपल्या किनाऱ्यास लागली, असें अनुमान काढणें धाडसाचें होईल.

आपल्या किनाऱ्यावरील नांवाचा महत्त्वाचा पुरावा पोर्तुगीज भाषेंत आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधिविषयक संवादग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांतील दुसरा संवाद एळियावर आहे. अरब यास ‘सेबार’ म्हणतात, गुजराती व दख्खनी लोक ‘अरेआ’, आणि या किनाऱ्यावरील रहिवासी ‘कातेकोमेर’ म्हणतात, असें तो सांगतो. सेबार म्हणजे अरबी सब्र हें उघड आहे. कातेकोमेर हें आमच्या मतें कांटेकुंवार होय: पानांच्या कडांचे कांटे, आणि कुमारीपासून झालेला कुंवार. हिंदींतील घीकुंवार हा शब्द याच रीतीनें घृतकुमारीपासून आला आहे. खंबायत व बंगाल येथेंहि एळिया होतो, परंतु सोकोत्रा बेटाचा माल श्रेष्ठ मानितात, असेंहि ओर्ता लिहितो. म्हणजे वनस्पति येथें होती, तिला देशी नांवहि होतें, तरी परदेशच्या मालास मान अधिक होता.

युरोपीय कागद वाचतांना आणखी एक सावधगिरी हवी. त्यांतील ‘अलोज’ हा शब्द कधीं एळियास, तर कधीं सुगंधी अगरुकाष्ठास लावलेला असतो. संदर्भांत धूप किंवा सुवास असेल तर अगरु, रेच किंवा कडूपणा असेल तर एळिया, असा विवेक केला पाहिजे.

ज्यांच्या संग्रहीं जुनीं वैद्यकी बाडें असतील, त्यांनीं बोळ, एळिया, कुंवार हे शब्द येतील तेथें ते शुद्ध करण्याच्या भरीस न पडतां, पुढील-मागील ओळींसह मुळाबरहुकूम उतरून प्रसिद्ध करावे, अशी आमची विनंति आहे. दोन पदार्थ एकाच नांवाखालीं गेले म्हणजे ते पुन्हां वेगळे करण्यास त्या ओळींवांचून दुसरें साधन उरत नाहीं.