जीपला रोल केज बसवताय? आधी त्याचे पाय कुठे टेकलेत ते पाहा

परवा शहागंजला टॉवरजवळ चहा पिताना माझा एक जुना विद्यार्थी भेटला. घरच्या जुन्या जीपला त्याने नुकताच काळा पाइप बसवून घेतला होता. मोठ्या कौतुकाने म्हणाला, "सर, रोल केज लगाया. मोटा पाइप है, अब गाडी पलटी तो भी टेन्शन नहीं."

मी वाकून सीटमागे पाहिले. पाइपाचा पाय फ्लोअरच्या पत्र्यावर दोन छोट्या बोल्टांनी धरलेला, खाली फक्त वॉशर. याच जीपमध्ये सुट्टीत त्याची अम्मी, बहिणी आणि लहान भाचे म्हैसमाळला, खुलताबादला जातात. म्हणून हा विषय घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावा असे वाटले.

रोल केज काय काम करतो?

उघड्या किंवा कापडी हुडच्या जीपला छताचा आधार नसतो. गाडी उलटली की सगळे वजन आत बसलेल्यांच्या डोक्यावर येते. रोल केज म्हणजे पाइपांचा पिंजरा. गाडी उलटली तरी माणसापुरती जागा शिल्लक ठेवणे हे त्याचे काम.

आता हे वजन जाते कुठे? पाइपातून पायात आणि पायातून खाली जे असेल त्यात. पावसाळ्यात काळ्या मातीत मांडवाचा खांब रोवला तर तो आत जातो, म्हणून आपण खाली फरशीचा तुकडा ठेवतो. इथेही तसेच आहे. पाइप कितीही जाड घ्या, फ्लोअरचा पत्रा पातळ असतो. गाडी उलटली की पाय पत्रा फाडून खाली जातो आणि वरचा पिंजरा माणसांवर बसतो.

बॉडी वेगळी, चेसिस वेगळी

जीप, जिप्सी, थार या गाड्यांना खाली शिडीसारखी पोलादी चेसिस असते. बॉडी तिच्यावर रबराच्या बुशांवर बसवलेली असते. खरी ताकद चेसिसमध्ये आहे, म्हणून केजचा भार तिथपर्यंत पोहोचला पाहिजे.

पण एक अडचण आहे. खडबडीत रस्त्यावर चेसिस पिळते आणि बॉडी तिच्यापेक्षा थोडी वेगळी हलते. केज दोघांनाही घट्ट जखडला तर काही महिन्यांत फ्लोअरला किंवा वेल्डिंगला तडे जातात. म्हणून जाणकार कारागीर पायाखाली फ्लोअरच्या वर आणि खाली जाड प्लेट देऊन पत्रा मध्ये दाबतात. मग त्याच जागेच्या खाली चेसिसवर ब्रॅकेट काढून मध्ये बुश बसवतात. रोजच्या चालण्यात बुश हालचाल सोसतो आणि गाडी उलटली तर भार चेसिसवर जातो.

सीट आणि पट्टेही याच हिशेबात धरावेत. केज एका बाजूला आणि सीट दुसऱ्या बाजूला हलली तर पट्टा लावलेला माणूसच मध्ये सापडतो.

कारागिराला काय विचाराल?

रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयए या जागतिक संस्थेचे नियम आहेत. मुख्य कमानीला बिनजोड पोलादी पाइप, ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा. कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट, तिला किमान तीन एम-८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. हा ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो, तो स्वतः पाहा. आपली गाडी रॅलीची नाही, पण तुलनेसाठी हे माप उपयोगी आहे.

- चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नका. पाडायचेच तर उभ्या बाजूच्या मध्यावर.
- वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढा. डिझेल-पेट्रोलची टाकी आणि नळ्या जवळ नाहीत याची खात्री करा.
- त्याच पाइपाचा तुकडा त्याच प्लेटवर वेल्ड करून घ्या आणि घणाने तोडून पाहा. आधी पाइप वाकला-फाटला पाहिजे, जोड सुटता कामा नये. इंजिनिअरिंगची मुले बाजा स्पर्धेसाठी गाडी बनवतात तेव्हा त्यांनाही वेल्डिंगचा नमुना तोडून दाखवावा लागतो.

डोके आणि पट्टा

रॅलीचा ड्रायव्हर हेल्मेट घालतो, आपल्या अम्मी-अब्बांच्या डोक्यावर हेल्मेट नसते. साध्या धक्क्यातही डोके उघड्या पाइपावर आदळू शकते. डोक्याजवळच्या प्रत्येक पाइपाला दाट फोमचे आवरण हवेच. आणि पट्टा नसेल तर केजचा उपयोग नाही, कारण उलटणाऱ्या गाडीतून माणूस बाहेर फेकला जातो. मागे आडव्या बाकावर मुले दाटीवाटीने बसवायची आणि वर पाइप लावून निर्धास्त व्हायचे, ही स्वतःची फसवणूक आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून पाइप कापण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा.

नवी गाडी घ्यायचीच असेल तर केज कारखान्यातूनच आलेली घेणे चांगले. आपल्या नाशिकला बनणाऱ्या थारच्या २०२० च्या मॉडेलमध्ये कंपनीनेच रोल केज आणि मागच्या समोर तोंड असलेल्या सीटना तीन-बिंदू पट्टे दिले. तिथे केज, सीट आणि पट्टा यांचा विचार एकत्र झालेला असतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हटले, "बेटा, पाइप शोभेसाठी असेल तर घरी तसं सांग. अम्मीला वाटतंय की ती सुरक्षित आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, पहले पट्टे लगाता हूँ. पाइप का आरटीओ में पूछता हूँ."