थंडीची भीती खेळाला की खोल्यांच्या भाड्याला?

२ फेब्रुवारी २०१४ या दिवसाची अमेरिकेत महिनोन्‌महिने धास्ती होती. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, उत्तरेकडच्या थंड मुलखात उघड्या मैदानावर पहिल्यांदाच होणार होता. ठिकाण न्यू जर्सीतलं ईस्ट रदरफर्ड, मेटलाइफ स्टेडियम. त्याच राज्यातल्या एडिसनच्या बाजूला नातेवाईक असलेल्या मराठी घरांना तिथला फेब्रुवारी वेगळा सांगायला नको. बर्फ उपसायची यंत्रं, रस्त्यावर टाकायचं मीठ, वादळ आलंच तर सामना एक-दोन दिवस मागे-पुढे करायची तयारी, असा सगळा जामानिमा झाला होता. प्रत्यक्षात खेळ सुरू झाला तेव्हा तापमान होतं ९ अंश सेल्सिअस. सिअ‍ॅटलने डेन्व्हरला ४३-८ असं धुतलं आणि त्यात थंडीचा काडीचाही वाटा नव्हता. बर्फ पडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या रात्री प्रेक्षकांचे हाल झाले ते रेल्वेमुळे. गाड्या लावायची जागा कमी केल्याने तीस हजारांच्या आसपास माणसं रेल्वेने आली आणि सिकॉकस स्थानकात बंदिस्त गर्दीत घामाने निथळत उभी राहिली.

एवढं होऊनही पुढच्या बारा वर्षांत थंड शहरातल्या उघड्या मैदानाला हा सामना एकदाही मिळालेला नाही. मला हे चुकीचं वाटतं.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो. बाद फेरीचे सामने सरस कामगिरी केलेल्या संघाच्या घरच्या मैदानावर होतात, मग ते मैदान कितीही गारठलेलं असो. अंतिम सामना मात्र काही वर्षं आधीच ठरवलेल्या तटस्थ ठिकाणी होतो. पूर्वी असं नव्हतं. पहिला सुपर बोल जानेवारी १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला झाला. त्याआधी लीगचं विजेतेपद अंतिम फेरीतल्याच एका संघाच्या गावी ठरायचं. सुपर बोल आल्यावर त्या दिवसांत सरासरी किमान १० अंश तापमान असणारं शहर, नाहीतर छप्पर असलेलं स्टेडियम, असा दंडक पडला. न्यू जर्सीसाठी तो खास शिथिल केला होता.

आता हे बघा. २० जानेवारी २००८ ला विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे इथे उणे १८ अंशांत उपांत्य सामना झाला. न्यूयॉर्क जायंट्सचे प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांचा चेहरा थंडीने लालबुंद झाला होता. जादा वेळेत जायंट्स जिंकले आणि दोन आठवड्यांनी अ‍ॅरिझोनातल्या छपराच्या स्टेडियमात त्यांनी सुपर बोलही जिंकला. उपांत्य फेरीला चालणारी थंडी अंतिम फेरीला का चालू नये, याचं उत्तर खेळाच्या नियमांत सापडत नाही.

ग्रीन बेच्याच लॅम्बो फील्डवर ३१ डिसेंबर १९६७ ला झालेला सामना ‘आइस बोल’ म्हणून ओळखला जातो. डॅलस काउबॉइजविरुद्ध ग्रीन बे पॅकर्स, लीगच्या विजेतेपदासाठी; तेव्हा दोन वेगळ्या लीगचे विजेते पुढे सुपर बोलमध्ये भिडायचे. तापमान उणे २५; वारा धरला तर अंगाला लागणारी थंडी आजच्या मोजणीने उणे ३८ च्या आसपास. पॅकर्सचे प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी त्याच वर्षी मैदानाखाली विजेच्या तारा टाकून माती गरम ठेवायची सोय केली होती. ती ऐन वेळी तोकडी पडली. ताडपत्री काढल्यावर हिरवळीवरचा ओलावा गोठला आणि मैदान काचेसारखं झालं. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या गोठल्या, तेव्हा पुढचा सामना त्यांनी ओरडून चालवला. डॅलसचा बॉब हेज हा १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधला शंभर मीटरचा सुवर्णविजेता. आपल्याकडे चेंडू येणार नसेल तेव्हा तो हात विजारीत खुपसून उभा राहायचा, त्यामुळे डॅलसचा पुढचा डाव पॅकर्सना आधीच कळायचा.

शेवटची पाच मिनिटंही उरली नव्हती, पॅकर्स १४-१७ असे मागे होते आणि ६८ यार्ड जायचं होतं. ते रखडत, घसरत गोलरेषेपासून दोन फुटांवर पोचले. घड्याळात १६ सेकंद, थांबायची मुभा संपलेली. चेंडू घेऊन धावणाऱ्याचे पाय त्याआधी दोनदा घसरले होते. लाथेने सोपे तीन गुण घेऊन बरोबरी साधता आली असती. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, बार्ट स्टार याने प्रशिक्षकाला सांगितलं की उभं राहायलाच जमत नाही, तर चेंडू दुसऱ्याकडे न देता मीच घुसतो. त्याचा सहकारी जेरी क्रेमरने समोरच्या बचावपटूला रेटलं आणि त्या फटीतून स्टार रेषेपलीकडे पडला. पॅकर्स २१-१७ ने जिंकले.

दोन आठवड्यांनी याच पॅकर्सनी मायामीच्या उबेत ओकलंडला ३३-१४ ने हरवून दुसरा सुपर बोल जिंकला. त्या सामन्यातला एक क्षण सांगा म्हटलं तर अमेरिकेतले भलेभले दर्दीही अडखळतील. आइस बोलचा तो शेवटचा डाव मात्र त्यांना तोंडपाठ असतो. सुपर बोलच्या विजेत्याला दरवर्षी जो करंडक देतात, तो लोम्बार्डींच्या नावाचा आहे. लोम्बार्डींनी ज्या हवेत नाव कमावलं, त्या हवेत तो देता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थंडीने खेळ बिघडतो, असा एक आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. तापमान १० अंशांनी उतरलं की चेंडूतला दाब दर चौरस इंचाला साधारण एक पौंडाने उतरतो, आणि नियमाने दाब साडेबारा ते साडेतेरा पौंड लागतो. चामडं कडक आणि निसरडं होतं, बोटं बधिर होतात, लाथेने मारलेला चेंडू कमी अंतर जातो. लांब फेकींवर जगणाऱ्या संघाला हे जड जातं. पण ढगाळ हवेत चेंडू स्विंग होतो म्हणून आपण लीड्सची कसोटी चेन्नईला हलवा म्हणत नाही. तिथे टिकणारा फलंदाजच आपल्या लेखी मोठा ठरतो. स्टारचा निर्णय नशिबाचा नव्हता. पायाखालची जमीन वाचून घेतलेला तो निर्णय होता, आणि मैदान दोन्ही संघांना सारखंच निसरडं होतं.

दुसरा आक्षेप मी जास्त गांभीर्याने घेतो. तो प्रेक्षकांचा आहे. खेळाडू धावतो, कडेला त्याच्यासाठी हीटर असतात. प्रेक्षक तीन-साडेतीन तास लोखंडी बाकावर बसलेला असतो. १३ जानेवारी २०२४ ला कॅन्सस सिटीत उणे २० अंशांत बाद फेरीचा सामना झाला आणि हिमदंश झालेल्या काही प्रेक्षकांची बोटं नंतर कापावी लागली. हे शौर्य म्हणून मिरवायची गोष्ट नाही. त्याच आठवड्यात बफेलोचा सामना हिमवादळामुळे रविवारऐवजी सोमवारी घेतला गेला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. म्हणजे मर्यादा आखता येते. वारा धरून अमुक अंशांखाली सामना नाही, हे आधी जाहीर करावं, दोन राखीव दिवस ठेवावेत, उबेच्या खोल्या आणि गरम पेयं फुकट द्यावीत. न्यू जर्सीत दिवस बदलायची तयारी होतीच.

मग अडतं कुठे? सुपर बोल हा सामना कमी आणि आठवडाभराची जत्रा जास्त झाला आहे. बड्या कंपन्यांचे पाहुणे, मेजवान्या, गोल्फ, हॉटेलांच्या चढ्या दरातल्या खोल्या. या पाहुण्यांना ऊन हवं असतं. उन्हाची हमी दक्षिणेतही नसते, हा भाग वेगळा. २००७ मध्ये मायामीला सामनाभर पाऊस कोसळला; २०११ मध्ये डॅलसजवळ बर्फाचं वादळ झालं आणि स्टेडियमच्या छपरावरून घसरलेल्या बर्फाने माणसं जखमी झाली.

थंड शहरांना ही जत्रा हवी असेल तर त्यांनी छप्पर बांधायचं, असा सौदा आहे. डेट्रॉइट, इंडियानापोलिस, मिनियापोलिस यांनी तो पत्करला. मिनियापोलिसच्या स्टेडियममध्ये सुमारे ५० कोटी डॉलर जनतेचे आहेत. २०१८ मध्ये तिथे सुपर बोल झाला तेव्हा बाहेर उणे १७ अंश होते. गंमत म्हणजे आधीचे दहा दिवस त्याच थंडीत निकोलेट मॉलच्या रस्त्यावर उत्सव चालला होता आणि लोक मुलाबाळांना गुंडाळून त्याला लोटत होते. चार तासांचा सामना मात्र काचेआड. शिकागोच्या संघानेही छपराच्या नव्या स्टेडियमच्या योजना मांडल्या आहेत.

लाखभर वस्तीच्या ग्रीन बेला एवढे पाहुणे सामावता येणार नाहीत, हे मान्य करावं लागेल. पण शिकागो, फिलाडेल्फिया, बोस्टन, डेन्व्हर यांना खोल्यांची वा विमानांची वाण नाही. दर पाच-सहा वर्षांतून एकदा यांपैकी एखाद्या उघड्या मैदानाची पाळी लावली तर सुपर बोलचं काही नुकसान होणार नाही.

बफेलोने २०२६ च्या हंगामासाठी बांधायला घेतलेल्या नव्या स्टेडियमला पूर्ण छप्पर दिलेलं नाही. राज्य आणि काउंटीचे ८५ कोटी डॉलर त्यातही आहेत, पण बहुतेक आसनांवर आडोसा, खाली गरम ठेवलेली माती आणि वर मोकळं आभाळ, अशी त्याची रचना आहे. कॅन्सस सिटीत जे झालं ते टाळायला लागणारी बरीचशी सोय याच आराखड्यात आहे. लीगने १० अंशांची अट काढली, तर पहिला अर्ज बफेलोचा असायला हवा.