हाडाचा कर्करोग : झेपणारा उपचार आणि वेळेवर पोचणं

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग मुख्यतः 10 ते 20 वयाच्या मुलांना होतो, बहुतेकदा गुडघ्याजवळ. पाश्चात्त्य देशांत त्यावर मेथोट्रेक्सेट हे औषध फार मोठ्या मात्रेत देतात. त्यासाठी मुलाला दाखल ठेवून रक्तातली औषधाची पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागते. आपल्या पोफळीहून मुंबई गाठणाऱ्या घराला हे कितपत झेपणार? परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मेथोट्रेक्सेट वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफोस्फामाइड यांची ओजीएस-12 ही पद्धत बसवली. तिचे निकाल परदेशी निकालांच्या तोडीचे निघाले.

म्हणजे झेपेल असा उपचार आहे. आता वेळेवर पोचणं आपल्या हातात. खेळताना लागलं असेल, असं म्हणून आपण मालीश करत बसतो. पण रात्रीही ठणका लागत असेल, सूज वाढत असेल, तर मालीश नको. आधी एक्स-रे काढूया. गाठ दिसली तर तपासणीचा तुकडा जिथे शस्त्रक्रिया होणार, तिथेच काढू द्यावा. कारण सुई ज्या वाटेने गेली, ती वाटही पुढे गाठीबरोबर काढावी लागते. ती वाट चुकली, तर एरवी वाचला असता असा पायही गमवावा लागू शकतो.